ठार, बळी आणि कंठस्नान

मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवणाऱ्या जमातीतला नाही. उगवता सूर्य, कटिंग चहा आणि खिडकीवरचा पाऊस, 'हॅपी बर्थडे साहेब'... आपल्याला नाही जमत ते. गेल्या पाच-सहा वर्षांत मोजून चार स्टेटस ठेवले असतील. त्यातला एक १७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ठेवला आणि साधारण चौदा तासांनी गुपचूप काढून टाकला. आज त्या चौदा तासांबद्दल लिहायचं आहे. बरेच दिवस टाळत होतो. (लांबण लागणार आहे, आधीच सांगतो. शनिवार आहे, चहा टाकून या.)

तर आधी पात्रपरिचय.

ठाण्यात आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक मावशी राहतात. बेने इस्रायली. म्हणजे कोकणात ज्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे ते. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लावून, अगदी आपल्यासारखंच. आई नोकरी करायची, त्यामुळे शाळा सुटल्यावरचं माझं दूध-बिस्कीट कित्येक वर्षं मावशींकडे. त्यांच्याकडचा मलिदा (पोहे, गूळ, ओलं खोबरं) मी इतक्या वेळा खाल्लाय की मला तो आमच्याच घरचा पदार्थ वाटायचा. त्यांचा धाकटा मुलगा मी शाळेत असतानाच इस्रायलला गेला आणि अश्दोदला स्थायिक झाला. अश्दोद गाझापासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे ठाणे ते चर्चगेटच म्हणा ना.

दुसरा माझा इंजिनीअरिंगचा मित्र. पुण्यात माझ्याच वर्गात होता, मूळचा गाझा शहरातला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला विचारलं होतं, "पॅलेस्टाइन म्हणजे पाकिस्तानच्या जवळ का रे?" तो शांतपणे म्हणाला, "हो, स्पेलिंगमध्ये." तेव्हापासून आमची दोस्ती. मिसळीवर ज्यादा तर्री मागणारा आमच्या ग्रुपमधला तो एकटा. डिग्रीनंतर शारजात नोकरीला लागला. आई-वडील आणि दोन बहिणी गाझातच.

आता ७ ऑक्टोबर २०२३. तोही शनिवारच होता. सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात मावशी, हातात फोन. "अरे, हा फोन उचलत नाहीये रे. तुला कॉम्प्युटरवर काही कळतंय का बघ." मला जे कळलं ते मी त्यांना पूर्ण सांगितलं नाही. दुपारी कधीतरी मुलाचा फोन लागला. तो, बायको, दोन पोरं, सगळे घरातल्या त्या काँक्रीटच्या सुरक्षित खोलीत बसून होते. फोन ठेवल्यावर मावशी आमच्या सोफ्यावर जवळजवळ तासभर नुसत्या बसून होत्या. त्या दिवशी इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस धरून गाझात नेलं.

पुढचा आठवडा माझा फोन उलट्या दिशेने. गाझावर बॉम्बवर्षाव सुरू झाला होता, १३ तारखेला उत्तर गाझातल्या लोकांना दक्षिणेकडे निघून जायला सांगितलं गेलं. मित्राचे आई-वडील आणि बहिणी खान युनिसला गेले. एक काका मात्र हलले नाहीत. झैतून भागात राहायचे. म्हातारपणी तंबूत राहायला जाणार नाही म्हणाले.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. ११ तारखेला मावशींनी मला एक बातमी फॉरवर्ड केली होती, की कफार अझा या किबुट्झमध्ये चाळीस अर्भकांची डोकी उडवली. तुम्हीही तेव्हा वाचली असेल. इस्रायलच्या एका वृत्तवाहिनीच्या बातमीदाराने तिथल्या सैनिकांकडून ऐकलेलं सांगितलं आणि एका दिवसात ते जगभर गेलं. आपल्याकडच्या काही चॅनेलांनी तर स्क्रीन भरून टाकला. खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष बायडन म्हणाले की आपण फोटो पाहिलेत, आणि मग व्हाइट हाउसला सांगावं लागलं की नाही, पाहिलेले नाहीत. सीएनएनच्या बातमीदार बाईंनी आपण शब्द जपून वापरायला हवे होते असं सांगत जाहीर माफी मागितली. पुढे मृतांच्या याद्या आल्या, त्यात अशी चाळीस अर्भकं नव्हती.

मी मावशींना काय उत्तर पाठवलं असेल? एक शब्द. "पुरावा?"

ज्या बाईचा मुलगा चार दिवसांपूर्वी काँक्रीटच्या खोलीत पोरांचे कान झाकून बसला होता, तिला मी "पुरावा?" असं विचारलं. तत्त्वतः बरोबर होतं ते. मला त्याचा अभिमानही वाटला होता. आपण कसे सगळं तपासून घेतो वगैरे.

आणि मग १७ तारीख. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, मी एका प्रॉडक्शन इश्यूवर बसलो होतो. फोनवर न्यूयॉर्क टाइम्सचा मथळा आला. मराठीत सांगायचा तर 'इस्रायली हल्ल्यात इस्पितळात शेकडो ठार, पॅलेस्टिनींचे म्हणणे'. इस्पितळ अल-अहली. मित्राच्या तोंडी 'मामदानी', म्हणजे बाप्टिस्ट, कारण मधली काही वर्षं ते बाप्टिस्ट मिशन चालवायचं. आता अँग्लिकन चर्चकडे आहे. काकांच्या घरापासून चालत जाण्याइतकं.

माझं डोकं फिरलं. स्क्रीनशॉट काढला, वर एक ओळ लिहिली, "याचंही समर्थन करणारे आहेत आपल्यात", आणि स्टेटसला टाकला.

त्या स्क्रीनशॉटमध्ये मथळ्याचे शेवटचे शब्दही आले होते हो. 'पॅलेस्टिनींचे म्हणणे'. ते माझ्या स्क्रीनवर होते, डोळ्यांसमोर होते. मला ते दिसले नाहीत. कोडमध्ये सेमीकोलन दिसत नाही ना, तसं.

आणि 'आपल्यात' म्हणजे कोण? सोसायटीच्या ग्रुपवर दिवसरात्र झेंडे टाकणारे दोन-तीन काका होते, ते डोक्यात होतेच. पण खोटं कशाला बोलू, मावशीही होत्या. दोनच दिवसांपूर्वी त्या आईला म्हणाल्या होत्या, "आता नाही सोडायचं त्यांना." ते माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं.

आता त्या चौदा तासांत जगात काय झालं ते थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क टाइम्सचा मथळा त्याच रात्री दोनदा बदलला. आधी 'इस्रायली' हा शब्द गेला आणि नुसता 'हल्ला' राहिला, मग 'हल्ला' जाऊन 'स्फोट' झाला. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने पाचशे मृत सांगितले होते, नंतर तो आकडा ४७१ झाला. इस्रायलने सांगितलं की हे आमचं नाही, इस्लामिक जिहादचं भरकटलेलं रॉकेट आहे. सकाळी उजेडात फोटो आले, तर स्फोट झाला होता इस्पितळाच्या पार्किंगच्या आवारात. जळालेल्या गाड्या, छोटासा खड्डा, इमारत उभी. मोठा बॉम्ब पडल्यावर असं दिसत नाही, असं तज्ज्ञ म्हणायला लागले. अमेरिकी गुप्तचरांचा मृतांचा अंदाज शंभर ते तीनशेच्या मधला. बीबीसीचा बातमीदार त्या रात्री थेट प्रक्षेपणात म्हणाला होता की एवढा मोठा स्फोट इस्रायली हवाई हल्ल्याशिवाय दुसरं काय असणार. बीबीसीने नंतर मान्य केलं की असा तर्क करायला नको होता. २३ तारखेला न्यूयॉर्क टाइम्सने संपादकांची टीप छापली, की सुरुवातीच्या बातमीत आम्ही हमासच्या दाव्यावर जास्त विसंबलो आणि तो तपासलेला नाही हे स्पष्ट केलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी ह्यूमन राइट्स वॉचनेही म्हटलं की पुरावा भरकटलेल्या रॉकेटकडेच बोट दाखवतो. काही संशोधकांना ते आजही मान्य नाही, पण निदान 'इस्रायलने बॉम्ब टाकून पाचशे मारले' हे त्या रात्री कुणालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी स्टेटस काढला. काढण्याआधी कुणी कुणी पाहिला त्याची यादी उघडली. मावशी, रात्री बारा वाजून सात मिनिटं.

न्यूयॉर्क टाइम्सने निदान टीप छापली. मी काहीच छापलं नाही. आपल्या धंद्यात असं केलं तर कोणी उभं करणार नाही. प्रॉडक्शनमध्ये चुकीचा बिल्ड गेला, गपचूप जुना परत लावला, ना मेल ना नोंद! बातम्यांच्या साइट्स मात्र सर्रास हेच करतात. मथळा बदलतो, पत्ता तोच, आणि काल इथे काय लिहिलं होतं याचा मागमूस नाही. २०१२ मध्ये काही प्रोग्रामरांनी न्यूजडिफ्स नावाचा एक उद्योग केला होता, बड्या वृत्तपत्रांच्या साइटवर एकाच बातमीच्या आवृत्त्या बाजूबाजूला ठेवून काय बदललं ते दाखवायचा. बातम्यांचं गिटच म्हणा. माणसांसाठी तसं काही नाही हे एका अर्थी बरंच आहे.

स्टेटस काढला त्याच संध्याकाळी मित्राला फोन लावला. काका ठीक होते. मी हुश्श केलं आणि लगेच, म्हणजे अक्षरशः पुढच्याच वाक्यात, म्हणालो, "अरे, ते हॉस्पिटलचं बहुतेक रॉकेट होतं म्हणे, त्यांचं नाही." मला वाटलं मी प्रामाणिकपणा करतोय. पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "तू काकांची चौकशी करायला फोन केलास की बातमी तपासायला?" त्याच्या मते चॅनेलवाले दहा दिवस पडणाऱ्या सगळ्या बॉम्बवर जेवढं बोलले नाहीत तेवढं या एका रॉकेटवर बोलणार होते, कारण हे एक त्यांना सोयीचं होतं. मावशींच्या मते बरोबर उलटं. दिवसभर खोटं दाखवलं आणि खरं आलं तेव्हा खालच्या पट्टीत टाकलं.

दोघं एकच बीबीसी बघत होते. दोघांची खात्री, की बीबीसी दुसऱ्याची आहे.

हे सगळं सलत होतं म्हणून वाचायला लागलो, तेव्हा एक जुना अभ्यास हाताला लागला. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये हत्याकांड झालं. मारणारे लेबनॉनमधल्या फलांजिस्टांच्या सशस्त्र टोळ्यांचे लोक, वस्त्यांभोवती वेढा इस्रायली लष्कराचा. अमेरिकन टीव्हीवर रोज तेच. स्टॅनफर्डच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी त्या बातम्यांचे सहा तुकडे घेतले आणि १४४ विद्यार्थ्यांना दाखवले. काही इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या, काही मधले. १९८५ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. इस्रायलच्या बाजूच्यांनी सांगितलं की इस्रायलचे जेवढे उल्लेख आले त्यातले ५७ टक्के विरोधी होते आणि जेमतेम १६ टक्के अनुकूल. अरबांच्या बाजूचे म्हणाले ४२ टक्के अनुकूल, २६ टक्के विरोधी. तीच टेप! आणि दोघांनाही ठाम वाटत होतं की एखादा तटस्थ माणूस हे बघून आपल्या विरुद्धच जाईल. मला सगळ्यात टोचलं ते पुढचं. ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपात जास्त दिसला. म्हणजे "आधी नीट वाच मग बोल" हा आपला आवडता सल्ला इथे उपयोगी पडत नाही. जास्त वाचलेल्या माणसाला बातमीत काय काय आलेलं नाही हे जास्त दिसतं, आणि जे आलेलं नाही ते सगळं त्याच्याच बाजूचं असतं.

इथे संपादक मंडळींचा एक लाडका बचाव असतो, की दोन्हीकडून शिव्या पडतात म्हणजे आम्ही बरोबर मध्ये आहोत. हे काही पटत नाही बुवा. टेस्टिंगवाले आणि क्लायंट दोघंही बिल्डला शिव्या घालत असतील तर बिल्ड उत्तम आहे असा अर्थ होत नाही. तो खरंच भिकार असू शकतो. बीबीसीने २००४ मध्ये आपल्याच मध्यपूर्वेच्या बातम्यांवर एक अंतर्गत अहवाल करून घेतला, बॅलेन अहवाल म्हणतात त्याला, आणि तो लोकांना दाखवावा लागू नये म्हणून ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली. २०१२ मध्ये जिंकलीसुद्धा. २००६ मध्ये एका स्वतंत्र समितीने म्हटलं की बीबीसीत मुद्दाम किंवा पद्धतशीर पक्षपात दिसत नाही, पण चित्र पूर्ण आणि न्याय्य येत नाही. तेवढं वाक्य मला पुरेसं प्रामाणिक वाटतं. असो.

इंजिनीअर माणूस वैतागला की एक्सेल उघडतो. मीही उघडलं. ऑक्टोबरच्या वीस तारखेपासून जानेवारीअखेरपर्यंत रोज दोन-तीन मथळे टिपायला लागलो. बीबीसी, अल जझीरा, न्यूयॉर्क टाइम्स आणि दोन मराठी पेपर. तारीख, मथळा, आणि पुढे एक आकडा. इस्रायलच्या बाजूला झुकलेला असेल तर अधिक एक, पॅलेस्टिनींच्या बाजूला असेल तर उणे एक, तटस्थ असेल तर शून्य. शेवटी बेरीज करायची आणि मित्राच्या आणि मावशींच्या तोंडावर फेकायची, असा माझा थोर विचार.

मे २०२४ मध्ये बेरीज करण्याआधी एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली नसती तर बरं झालं असतं. जुने आकडे लपवले आणि सगळे मथळे पुन्हा पहिल्यापासून तपासले. मग दोन रकाने शेजारी ठेवले. दर चार-पाच मथळ्यांमागे एकावर माझंच माझ्याशी जुळत नव्हतं! आणि न जुळणारे मथळे पसरलेले नव्हते, ठरावीक दिवसांवर गोळा झाले होते. अश्दोदवर रॉकेट पडली आणि मावशी रडल्या त्या दिवशी सगळे पेपर मला पॅलेस्टिनींचे वाटले होते. मित्राच्या बहिणीचा चार दिवस पत्ता नव्हता (नंतर लागला), त्या चार दिवसांत सगळे पेपर इस्रायलचे. पेपर तेच होते. मोजपट्टीच आकसत आणि ताणत होती. बेरीज केलीच नाही.

पण याचा अर्थ पक्षपात नसतोच, सगळा आपल्या मनाचा खेळ असतो, असं मी म्हणत नाहीये. एक्सेलने मला एक गोष्ट मात्र नक्की शिकवली, ती म्हणजे मराठी मथळे वाचायला. इतकी वर्षं पेपर वाचतो, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडे मरण्यासाठी किती शब्द आहेत बघा. अपघातात माणसं 'मृत्युमुखी पडतात', म्हणजे कुणी मारलेलं नसतं. पुरात 'बळी जातात', तिथे हळहळ आहे. आपला जवान 'हुतात्मा' होतो. समोरचा 'ठार' होतो. आणि ज्याच्याबद्दल कसलीच शंका नाही त्याला 'कंठस्नान घातलं' जातं. कंठस्नान! गळ्यातल्या रक्ताने आंघोळ. सकाळी चहात खारी बुडवताना आपण हे वाचतो आणि पान उलटतो.

आता कल्पना करा, रात्री साडेअकराला डेस्कवरच्या कुणा बिचाऱ्यासमोर एजन्सीची इंग्रजी बातमी आलीय. त्यात 'मिलिटंट' शब्द आहे. त्याने लिहायचं काय? दहशतवादी, अतिरेकी, बंडखोर, जहाल? पान वीस मिनिटांत सोडायचंय. जो शब्द तो उचलेल त्याच्याबरोबर निकालही लागून जातो. बीबीसी हमासला स्वतःच्या तोंडाने दहशतवादी म्हणत नाही, कोण म्हणतं ते सांगते, आणि त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यावर केवढा गदारोळ झाला. जॉन सिम्प्सनसारख्या ज्येष्ठ पत्रकाराला लेख लिहून कारण सांगावं लागलं. मराठीत हा वाद कुणी घातल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याला शब्दकोशातच तयार निकाल मिळतात.

आणि कर्ता. 'हवाई हल्ल्यात तीस ठार.' कुणाच्या? जागा नसते म्हणून कर्ता गळतो, हे खरं आहे. पण तो प्रत्येक वेळी सारखा गळत नाही, हेही खरं आहे. रॉकेटच्या मथळ्यात 'हमास' बहुतेक वेळा पहिला शब्द, हवाई हल्ल्याच्या मथळ्यात 'गाझा' पहिला शब्द. एका ठिकाणी मारणाऱ्याचं नाव, दुसरीकडे मरण्याच्या जागेचं. हे मी दोन्ही वेळा तपासताना सारखंच टिपलं होतं, म्हणून छातीठोकपणे सांगतो. निदान माझ्या फाइलीतल्या मथळ्यांपुरतं.

त्यात परदेशी पत्रकारांना इस्रायलने गाझात स्वतंत्रपणे जाऊच दिलं नाही. फक्त लष्कराबरोबर, लष्कर नेईल तिथे. त्यांच्या संघटनेने इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, जानेवारी २०२४ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. म्हणजे आतून बातमी देणार फक्त गाझातलेच पत्रकार, ज्यांची स्वतःची घरं त्याच बातमीत आहेत. त्यातले दीडशेहून जास्त मारले गेले. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या सीपीजे या संस्थेने १९९२ पासून नोंदी ठेवल्या आहेत, त्यात पत्रकारांसाठी इतकं जीवघेणं दुसरं युद्ध नाही. दुसरीकडे गाझातला प्रत्येक आकडा 'हमासच्या आरोग्य मंत्रालयानुसार'. लावायला हरकत नाही, मंत्रालय हमासच्याच ताब्यात होतं, आणि अल-अहलीच्या रात्री ते लक्षात ठेवलं असतं तर माझाच फायदा झाला असता. पण त्या एका रात्रीच्या चुकीवर बोट ठेवून पुढचे सगळे आकडे झटकून टाकणारे लोक मी ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज ऐकले. मागच्या युद्धांमध्ये संयुक्त राष्ट्रांनी तपासलं तेव्हा त्याच मंत्रालयाचे एकूण आकडे जवळपास बरोबर निघाले होते. जुलै २०२५ च्या शेवटी त्यांचा आकडा साठ हजारांच्या वर गेला होता. एक चुकीचा मथळा साठ हजारांतून वजा करून किती उरतात?

आणि आपल्या टीव्हीबद्दल तर बोलायलाच नको. आर्मा ३ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्यातली दृश्यं जगभर खऱ्या युद्धाची म्हणून इतकी दाखवली गेली, की २०२२ मध्ये गेमच्या कंपनीला 'हे आमचं आहे, ओळखायचं असं' म्हणून पत्रक काढावं लागलं. :) मेजर-जनरलांच्या पॅनेलमागे ग्राफिक्सची विमानं उडत असतात, आणि आमच्या सोसायटीतले काका खुर्चीच्या काठावर.

मावशींची माफी मागायला मला सव्वा महिना लागला. नोव्हेंबरअखेर आठवडाभर युद्ध थांबलं होतं, थोडे ओलीस सुटत होते, तेव्हा हिंमत केली. त्या भाजी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, मी तो स्टेटस ठेवला होता ना, तो चुकीचा होता. काढला, पण तुम्हाला सांगितलं नाही." त्यांनी वरही पाहिलं नाही. "मी वाचला होता तो. शेवटी 'पॅलेस्टिनींचं म्हणणं' असं होतं की त्यात. तुम्ही इंग्लिश मीडियमवाले ना रे?"

मी गप्प.

मग म्हणाल्या, "ते बातमीचं जाऊ दे. वरची ओळ तुझी होती."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमी चुकली ती न्यूयॉर्कमधल्या कुणाची तरी घाई. 'आपल्यात' हा शब्द माझा होता, ठाण्यात बसून, शांतपणे टाइप केलेला. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुझा तो मिसळवाला मित्र? त्याच्या घरचे?" मी सांगितलं, खान युनिसला आहेत, काका शहरातच आहेत. त्या 'हं' म्हणाल्या. निवडलेली अर्धी मेथी आईसाठी दिली.

त्या फाइलीतली एक ओळ सांगायची राहिली.

डिसेंबरपासून मित्र मेसेजला उत्तर द्यायचा, पण एक-दोन शब्दांत. मीही खोदलं नाही. मे २०२४ मध्ये एकदा नीट फोन झाला तेव्हा त्याने सांगितलं की काका डिसेंबरमध्येच गेले. झैतूनमध्ये, घर पडून, शेजारच्या कुटुंबासकट. कोणत्या तारखेला ते त्याने सांगितलं, आणि मी, सवयच वाईट, फोन ठेवल्यावर फाइल उघडून ती तारीख शोधली. मथळा होता एका मराठी पेपरचा. गाझात चोवीस तासांत इतके इतके ठार, अशा धाटणीचा. पुढे दोन्ही रकान्यांत मी एकच आकडा लिहिला होता. दोन्ही वेळा जुळलेल्या ओळींपैकी ती एक.

शून्य.

त्या संध्याकाळी मावशींकडे गेलो आणि सांगितलं. टीव्ही चालू होता, त्यांनी तो बंद केला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "नाव काय होतं रे त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. सात महिने मी त्या माणसाबद्दल विचारत होतो, बोलत होतो, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. तिथेच बसून मित्राला मेसेज केला, की काकांचं नाव काय.

त्याने विचारलं, "का?"

मी लिहिलं, "आमच्या शेजारच्या मावशी विचारतायत."

"त्याच? मुलगा अश्दोदला आहे त्या?"

"हो."

दोन निळ्या खुणा आल्या. मग पाच-सात मिनिटं काहीच नाही. मावशी उठून चहा ठेवायला गेल्या. त्या आल्याचा चहा गाळत असताना फोन वाजला. त्याने नाव पाठवलं होतं, एकदा अरबीत आणि एकदा आपल्याला वाचता येईल असं. मी ते मोठ्याने वाचलं. मावशींनी एकदा म्हणून पाहिलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं.